मुंगीचा पूर्ण पत्ता

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. वेबसाइट मी बनवतो, असं मी म्हणालो नव्हतो. मी फक्त एवढंच म्हणालो, की त्यासाठी बाहेरचा माणूस कशाला बोलवायचा? या वाक्याचा अर्थ आमच्या घरात 'म्हणजे मी बनवतो' असा घेतला गेला, त्याला मी काय करणार? मी नाही म्हणालो नाही, हे मात्र खरं. नाही म्हणायला मला जरा वेळ लागतो, आणि तेवढ्यात लोक पुढच्या कामाला लागलेले असतात.

प्रकरण असं होतं. माझी बायको किड्यांची चित्रं काढते. फुलपाखरं वगैरे नाही. फुलपाखरं कुणीही काढतं. ही मुंगी काढते, झुरळ काढते, धान्यातला टोका काढते. आमच्या स्वयंपाकघरात किडा दिसला की इतर घरांतल्यासारखी चप्पल येत नाही, काचेचा पेला येतो. पेल्याखाली किडा, शेजारी वही, आणि गॅसवर काहीतरी करपतंय, हे दृश्य मी अनेकदा पाहिलेलं आहे. तर मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशन संस्थेला किड्यांवरच्या बारा पुस्तकांसाठी चित्रकार हवा होता. बायकोनं मला न सांगता अर्ज केला, आणि त्यांचं उत्तर आलं: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता निवड समिती आपली चित्रे आपल्या वेबसाइटवर पाहील, कृपया पत्ता कळवावा.

तिनं ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग म्हणाली, "मला हे काम हवंय."

हे वाक्य तुम्हाला साधं वाटेल. मला वाटलं नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून मी 'बघू' ऐकलंय, 'चालेल' ऐकलंय, 'तुम्हाला काय ते ठरवा' हे तर रोज ऐकतो. 'हवंय' पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्चीत बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की खिडकीशी जावंसं वाटायचं, आणि खिडकीशी गेलं की तिथं काही नसायचं. त्याच अवस्थेत मी ते बाहेरच्या माणसाबद्दलचं वाक्य बोललो.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी आवक-जावक विभागात वरिष्ठ लिपिक आहे. लोकांना वाटतं, पत्रं घ्यायची आणि पत्रं पाठवायची, त्यात काय एवढं? मी वाद घालत नाही. पण अर्धवट पत्त्याचं पाकीट टेबलावर आलं की माझं डोकं फिरतं. 'औषधांच्या दुकानासमोर.' कोणत्या? 'पूर्वीच्याच जागी.' कुणाच्या पूर्वीच्या? अशी पाकिटं मी लाल शाईत 'पत्ता अपूर्ण' असा शेरा मारून परत पाठवतो. साहेबांचं स्वतःचं पाकीट मी दोनदा परत पाठवलंय, आणि माझी बढती का रखडली याचा शोध तिथपर्यंत नेणारे लोक आमच्या विभागात आहेत. असोत.

शनिवारी मी एक मराठी पुस्तिका आणली. तिच्यात चौथ्याच पानावर लिहिलं होतं, की वेबसाइटच्या पानात चित्र चिकटवायचं नसतं. पानात फक्त चित्राचा पत्ता लिहायचा. बघणाऱ्याचा संगणक त्या पत्त्यावर जातो आणि चित्र घेऊन येतो. मी उठून उभाच राहिलो. पत्ता! म्हणजे हे तर माझंच खातं निघालं. मी बायकोला हाक मारून सांगितलं, की काळजीचं काही कारण नाही, आता फक्त वेळेचा प्रश्न आहे.

पुस्तिकेत पुढं दोन प्रकारचे पत्ते दिले होते, सापेक्ष आणि निरपेक्ष. सापेक्ष पत्ता म्हणजे पान जिथं आहे तिथून चित्र कुठं आहे ते सांगायचं: 'शेजारच्या फोल्डरमध्ये मुंगी', बस्स. आणि चित्र एक पायरी वर असलं तर दोन टिंबं द्यायची. टिंबं! आमच्याकडे टिंबं म्हणजे लिहिणाऱ्यानं काहीतरी गाळलंय. 'शेजारी' आणि दोन टिंबं असं लिहिलेलं पाकीट माझ्या टेबलावर आलं असतं, तर मी पाठवणाऱ्याला समक्ष बोलावून घेतलं असतं. निरपेक्ष पत्ता मात्र मुळापासून सुरू होत होता. घर, त्यातलं कपाट, त्यातला कप्पा, त्यातली फाइल. मला तो प्रकार लगेच आवडला, पण घाईनं निर्णय घ्यायचा नाही म्हणून मी खालच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी चाळीस वर्षं व्याकरण शिकवलं. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला कुणी नाही, त्यामुळे जिन्यात भेटणारा कुणीही त्यांना चालतो. त्यांनी पुस्तिका डोळ्यांपासून लांब धरली.

"शब्द फोडा," ते म्हणाले. "सापेक्ष म्हणजे काय? अपेक्षेसह. ज्याला कुणाकडून तरी काहीतरी हवंय. आणि निरपेक्ष?"

"अपेक्षेशिवाय."

"निरपेक्ष प्रेम. निरपेक्ष सेवा. आता पत्नीचं काम करताना माणसानं कोणता मार्ग धरावा, हे मी सांगायला हवंय का?"

मी मान खाली घातली. खरंच, सांगायला नको होतं. मला त्या सापेक्ष प्रकारात आधीपासूनच एक लाचारी जाणवत होती. शेजाऱ्याच्या भरवशावर जगायचं, वरच्यांना टिंबं दाखवायची. मी जिना चढताना ठरवून टाकलं, की वेबसाइट अथपासून इतिपर्यंत निरपेक्ष होईल.

रविवारी दिवसभर मी पत्ते लिहीत होतो. एकतीस चित्रं, एकतीस पत्ते. सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात घर, त्यात कागदपत्रं, त्यात बायको, त्यात किडे, त्यात मुंगी. प्रत्येक ठिकाणी तिरकी रेघ. असा पत्ता लिहिताना हाताला जे समाधान मिळतं ते सांगून कळायचं नाही. संध्याकाळी मी पान आणि त्याबरोबर चित्रांचं अख्खं फोल्डर, दोन्ही वेबसाइट ठेवून घेणाऱ्या कंपनीकडे चढवली. चित्रं चढवायची की नाही याबद्दल मला नक्की कळलं नव्हतं, पण जोडपत्रांशिवाय पत्र पाठवायचं नाही ही आपली शिस्त. मग पडद्यावरच्या पानाच्या चिन्हावर दोनदा क्लिक करून मी बायकोला बोलावलं. मुंगी आली, टोका आला, एकतिसाव्या नंबरावर झुरळ आलं. तिनं सगळी बघितली, पुन्हा वर जाऊन मुंगी बघितली.

"छान दिसतंय हो," ती म्हणाली.

मला काही नको होतं. मी निरपेक्ष होतो. तरीपण हे वाक्य ती आणखी एकदा म्हणाली असती तर मी अडवलं नसतं.

सोमवारी कार्यालयात मेहुणीचा फोन आला. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, आणि जगात माझ्याशी बोलताना जिला हसू आवरत नाही अशी एकमेव व्यक्ती.

"भाऊजी, चित्रं कुठायत?"

"म्हणजे?"

"पान उघडलंय. वर ताईचं नाव आहे. खाली नुसते चौकोन. आत काहीच नाही."

मी घरी बायकोला फोन लावला, तिला संगणकावर पान उघडायला सांगितलं. मुंगी जागेवर होती. मी मेहुणीला पुन्हा फोन केला आणि शांतपणे सांगितलं, की दोष तुझ्या फोनमध्ये आहे. जुना फोन आहे, आत कचरा साठलाय, तो साफ कर.

"काय काय साफ करू?"

"सगळं."

"सगळं?"

"एकदा सगळंच काढून टाक, म्हणजे प्रश्न मिटेल."

या वाक्याचा अर्थ मला अभिप्रेत होता त्यापेक्षा तिनं बराच व्यापक घेतला, हे मला गुरुवारी कळलं.

मंगळवारी मी मास्तरांना पान दाखवायला गेलो. ते स्वतःच्या संगणकासमोर मागं रेलून बसले होते. पडद्यावर एकतीस रिकामे चौकोन होते आणि मास्तर त्यांच्याकडे बराच वेळ बघत होते.

"आधुनिक आहे," ते शेवटी म्हणाले. "किडा नसणं, हाच किडा. पण लहान मुलांना झेपेल का?"

मी त्यांचा संगणक बंद करून चालू केला. पुन्हा चौकोन. मग त्यांच्या सूचनेवरून भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं, तेव्हा वीज गेली ती जिन्यातल्या दिव्यासकट. ती परत यायला दीड तास लागला. त्या दीड तासात मास्तरांनी मला 'चौकोन' या शब्दाचा समास सोडवून दाखवला. मी घरी आलो, दोनदा क्लिक केलं. मुंगी होती. एकतीसच्या एकतीस होते. जगातले सगळे संगणक बिघडलेत आणि माझा एकटाच शाबूत आहे, असं मानायला माणसाला फार धैर्य लागतं. मी मानलं.

बुधवारी मी वेबसाइट ठेवून घेणाऱ्या कंपनीकडे रीतसर तक्रार केली. विषय: चित्रे न दिसणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये आपणांस कळविण्यात येते, की या कार्यालयाने, हे खोडून 'माझ्या पत्नीने', काढलेली एकतीस चित्रे आपल्याकडे सुपूर्द केली असूनही ती अन्यत्र दृष्टोत्पत्तीस येत नाहीत. दोन मिनिटांत उत्तर आलं. इतक्या जलद उत्तरानं मला संशय यायला हवा होता. त्यात लिहिलं होतं: 'तुमची तक्रार आम्हाला मिळाली. तुम्ही समाधानी आहात का? हो / नाही.' तक्रार मिळाल्याबद्दल मी समाधानी होतोच, म्हणून 'हो'वर क्लिक केलं. लगेच दुसरं उत्तर: 'तुमचा प्रश्न सुटला याचा आम्हाला आनंद आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे.'

मी दुसरी तक्रार केली, पहिलीचा संदर्भ देऊन. त्यांनी कळवलं, की बंद झालेल्या तक्रारीचा संदर्भ देता येत नाही. मी तिसरी केली, संदर्भ न देता. त्यांनी कळवलं, की याच विषयावर आधी दोन तक्रारी झालेल्या दिसतात, तरी त्यांचा संदर्भ द्यावा. आयुष्यभर मी टेबलाच्या ज्या बाजूला बसलो, तिच्या समोरच्या बाजूला बसल्यावर कसं वाटतं ते मला त्या दुपारी समजलं. शेवटी मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्याकडे तुमचं पान आहे, चित्रं पण आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे दिसतंय ना?"

"माझ्याकडे दिसतंय."

"मग चालू आहे की."

मी फोन ठेवला.

गुरुवारी दुपारी मी अर्धी रजा टाकून घरी आलो, तर मेहुणी येऊन बसलेली. चार तासांचा प्रवास करून, लॅपटॉप घेऊन, आणि या वेळी न हसता.

"भाऊजींनी सांगितलं सगळं काढून टाक. काढलं. फोटो गेले, नंबर गेले. ताईचा नंबर मला पाठ नाही, म्हणून स्वतःच आले."

"कचरा म्हणालो होतो मी," मी म्हणालो.

"सगळं म्हणालात."

बायकोनं बहिणीचा लॅपटॉप उघडला. चौकोन. मग ती माझ्या संगणकापाशी आली. मी तिच्या आधी खुर्चीत जाऊन बसलो.

"तुम्ही पान कसं उघडता?" तिनं विचारलं.

मी चिन्हावर दोनदा क्लिक करून दाखवलं. मुंगी.

"असं नाही. समितीला जो पत्ता कळवलाय, तो वर लिहा आणि तिथून उघडा."

मी लिहिला. पान आलं. माझ्याच टेबलावर, माझ्याच पडद्यावर, एकतीस चौकोन. मी तो पत्ता पुसून पुन्हा लिहिला. एक एक अक्षर सावकाश. पुन्हा चौकोन.

"म्हणजे चार दिवस तुम्ही घरातली प्रत बघत होतात," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिनं माझी पुस्तिका उचलली, चौथं-पाचवं पान वाचलं, मग माझे एकतीस पत्ते बघितले.

"अहो, तुम्ही पानाला काय सांगितलंय माहितीये? 'मुंगी आपल्या कपाटात आहे.' आता हे पान माझी बहीण तिच्या घरी उघडते. तिचा संगणक वाचतो, 'आपल्या कपाटात'. तो बिचारा उठून स्वतःच्या कपाटात बघतो. तिथं मुंगी कुठून येणार?"

"सी ड्राइव्ह लिहिलंय मी. पूर्ण. मुळापासून."

"सी ड्राइव्ह तिच्याकडे पण आहे. मास्तरांकडे पण आहे."

"पण हा आपला सी ड्राइव्ह आहे!"

"तेच तर म्हणतेय. 'आपला' म्हणजे वाचणाऱ्याला त्याचा वाटतो." ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "चित्रं तिकडं पानाच्या शेजारीच ठेवलीत ना तुम्ही? मग नुसतं 'शेजारी' म्हणा. पान जिथं जाईल तिथं शेजार त्याच्या बरोबरच जाईल. उठा, मी करते. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी इथं थोडा थांबतो, कारण इथं मी उठायला हवं होतं. मला तिचं म्हणणं कळलं नव्हतं असं नाही. अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा करत होतो. तीस वर्षं मी दुसऱ्यांचे पत्ते अपूर्ण ठरवत आलो. आता माझ्याच घरात, मेहुणीच्या देखत, माझा पत्ता अपूर्ण ठरत होता. आणि त्यावर उपाय म्हणून 'शेजारी' लिहायचं? मी?

"पत्त्यातलं मला शिकवू नकोस," मी म्हणालो. "पत्ता बरोबर आहे. समितीला चित्रं बघायची आहेत ना? या संगणकावर दिसतात. उद्या मी संगणकच घेऊन जातो."

मेहुणीला आता हसू आलं. बायकोला आलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला ते काम हवं होतं," आणि स्वयंपाकघरात गेली. 'हवंय'चं 'हवं होतं' झालेलं मी ऐकलं. तरी मी खुर्चीतून उठलो नाही. ही गोष्ट सांगताना मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेल्याचं बघून मी संगणकाच्या तारा काढल्या. पडदा जड होता, तो घरी ठेवला. एवढ्या मोठ्या संस्थेत पडदा नसेल का? मोठा डबा चादरीत बांधला, चार टोकांची गाठ मारली आणि खाली टॅक्सीत बसलो. टॅक्सीवाल्यानं विचारलं, कुठं? मी पूर्ण पत्ता सांगितला. इमारतीचा क्रमांक, इमारतीचं नाव, रस्ता, विभाग, शेवटी पिन कोड.

"पाण्याच्या टाकीमागं का?" त्यानं विचारलं.

"टाकीचा काही संबंध नाही. मी सांगितलेल्या पत्त्यावर चला."

"टाकीमागं असेल तर सांगा, पाच मिनिटांत सोडतो."

"टाकी पत्त्यात नाहीये," मी निक्षून सांगितलं.

मग आम्ही पंचवीस मिनिटं इमारतींचे क्रमांक वाचत फिरलो. चोवीसनंतर एकदम एकतीस येत होता, मधले कुठं गेले ते कुणाला माहीत नव्हतं. मांडीवरचा डबा जड होत चालला होता, घड्याळ पुढं पळत होतं, आणि मी खिडकीतून एकदा इकडं, एकदा तिकडं मान काढत होतो. इमारत सापडली. टाकीमागंच होती. गाडी वळवताना टॅक्सीवाल्यानं टाकीकडे मुद्दाम एकदा बघितलं.

फाटकावर पहारेकरी होता आणि पहारेकऱ्यापुढं वही होती. वही बघून मला बरं वाटलं. माझ्या जगातली पहिली वस्तू.

"गाठोड्यात काय आहे?"

"संगणक."

"दुरुस्तीला?"

"नाही. दाखवायला."

"विकायला?"

"नाही हो. निवड समितीला चित्रं दाखवायची आहेत."

त्यानं वहीचे रकाने दाखवले. वस्तू आत नेण्याचे कारण: दुरुस्ती, विक्री, बदली. 'दाखवणे' असा रकाना नव्हता. रकान्यात नसलेलं कारण मला लिहिता येणार नाही, असं तो म्हणाला, आणि दुर्दैवानं मला ते शंभर टक्के पटलं. त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. शेवटी आम्ही दोघांनी मिळून, समासात, 'इतर' असा नवा रकाना आखला. त्यासाठी फूटपट्टी शोधावी लागली. फूटपट्टी सापडेपर्यंत अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तिसरा मजला, डावीकडची पहिली खोली," पहारेकरी म्हणाला.

लिफ्ट बंद होती. डबा छातीशी धरून मी जिना चढलो. पहिल्या मजल्यावर दम खाल्ला, दुसऱ्यावर गाठ सुटली ती दातांनी आवळली. तिसऱ्या मजल्यावर आलो, डावीकडं वळलो आणि पाय सवयीनं खोलीत शिरायला निघाला. दारात थबकलो. कारण तिसरा मजला, डावीकडची पहिली खोली, हा माझा स्वतःचा पत्ता आहे. आमच्या कार्यालयात मी तिथंच बसतो. गेली अकरा वर्षं मी शिपायांना, अभ्यागतांना हेच सांगत आलोय, आणि एवढ्यावर सगळे बरोबर येतातही. पण ही माझी खोली नव्हती. आत माझं टेबल नव्हतं. अशी खोली प्रत्येक इमारतीत असते, आणि आत दरवेळी कुणीतरी दुसरंच बसलेलं असतं.

बाहेरच्या बाकावर मी डबा टेकवला आणि त्याच्या शेजारी बसलो. म्हणजे मजला सांगितला, खोली सांगितली, टेबल सांगितलं, टेबलाचा कप्पासुद्धा सांगितला, आणि इमारत कुठली तेच पाकिटावर लिहिलं नाही. एकतीस वेळा. हे पाकीट माझ्यासमोर आलं असतं तर काय केलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं. समितीनं अकरा वाजता चौकोन बघितले असणार. बायकोचं एक काम होतं, तिला हवं होतं, आणि मी उठलो नाही म्हणून ते गेलं. एवढंच नव्हे, तर माझ्या गाठोड्याला ना पडदा होता ना वीज लावायची तार. तार घरीच राहिली होती, हे मला तेव्हा आठवलं.

निघून जावं म्हणून मी उभा राहिलो, पुन्हा बसलो, पुन्हा उभा राहिलो. तेवढ्यात अर्धवट उघड्या दारातून एका बाईंचा आवाज आला. त्या फोनवर बोलत होत्या.

"नमस्कार. हो, संपादक बोलतेय. नाही नाही, दिसतायत ना! दहा वाजता मी सहज उघडलं तेव्हा नुसते चौकोन होते, जरा धास्तावलेच. अकराला बघते तर मुंगी समोर. तुम्ही दुरुस्त केलंत? आज सकाळी? बहिणीच्या लॅपटॉपवरून?" मग त्या हसल्या. "अहो, ते झुरळ मोठं करून बघितलं तर आमच्या समितीतले एक गृहस्थ पाय वर घेऊन बसले. त्यानंतर चर्चा अशी झालीच नाही."

मी बाकाची कड घट्ट धरली. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं आणि कुणाकडं बघून ओरडावं ते कळत नव्हतं.

"बाराही पुस्तकं तुमच्याकडे द्यायचं ठरलंय," बाई सांगत होत्या. "फक्त एक आहे. आठवड्यातले चार दिवस इथं येऊन काम करावं लागेल, साधारण दीड वर्ष. घाई नाही. घरी विचारून सांगा."

मी सावरून बसलो. घरी विचारून, म्हणजे मला. फोन आता ठेवला जाईल, मग माझा वाजेल. अशा वेळी नवऱ्यानं लगेच हो म्हणू नये, जरा गंभीरपणे विचार केल्यासारखं करावं, आणि मग मोकळ्या मनानं हो म्हणावं, असं मी ठरवलं. शर्टाची कॉलरसुद्धा नीट केली. ती फोनवर आहे, कॉलर तिला दिसणार नाही, हे नंतर लक्षात आलं.

बाईंनी पलीकडचं ऐकून घेतलं. मग बाई म्हणाल्या, "बरं, बरं. मग सोमवारीच या."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? एवढी मोठी गोष्ट, आणि मला न विचारता हो म्हणून टाकलं. मी तिथं बसून थोडा रागावूनही बघितलं, पण राग काही टिकेना. काल मी विचारण्याजोगा माणूस राहिलो होतो का, असा प्रश्न सारखा मध्ये येत होता.

खिशातला फोन वाजला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" बायको विचारत होती. मागून मेहुणीचं हसू ऐकू येत होतं. "मला काम मिळालं. हो म्हणून टाकलंय मी. तुम्ही आधी घरी या. कुठे आहात पण?"

मी सवयीनं तोंड उघडलं. इमारतीचा क्रमांक, इमारतीचं नाव, रस्ता, विभाग, पिन कोड, सगळं जिभेवर तयार होतं.

"इथंच आहे," मी म्हणालो. "तुझ्या ऑफिसात."